'डेटा इज' की 'डेटा आर'?

जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते. तिथे खाडीकाठी आम्ही काही विद्यार्थ्यांसह खुणा केलेली काठी रोवून दर तासाला पाण्याची पातळी नोंदवली. नंतर एका मुलीने इंग्रजीत टिपण लिहिले. त्यातील 'द डेटा इज' या शब्दांखाली शिक्षकांनी लाल रेघ मारली आणि एक गुण कापला. लॅटिनमध्ये 'डेटम' एकवचन व 'डेटा' अनेकवचन, हे खरेच. मग मुलगी चुकली का?

तिच्या वहीवर मराठीत 'सहलीचा अहवाल' असे लिहिले होते. 'अहवाल' हे अरबीत 'हाल'चे अनेकवचन. आपण मात्र 'अहवाल आला' म्हणतो. उलट मूळचा एकवचनी 'हाल' मराठीत अनेकवचनी झाला: 'हाल झाले'! 'उमराव' हेही 'अमीर'चे अनेकवचन. पण 'एक उमराव' आपल्याला खटकत नाही.

म्हणजे शब्द उसना आला तरी त्याचे व्याकरण सोबत येतेच असे नाही. इंग्रजीत अनेकवचनाच्या शेवटी बहुधा 'स' किंवा 'झ' ऐकू येतो. 'डेटा'तला शेवटचा 'आ' तशी काही खूण देत नाही. त्यातच वस्तू सुट्या मोजायची गरज नसेल, तर शब्द एकवचनी होऊन बसतो. 'अजेंडा' असाच एकवचनी झाला. 'स्टॅमिना' हे तर लॅटिन 'स्टॅमेन', म्हणजे धागा, याचे अनेकवचन. फुलातील पुंकेसराचे इंग्रजी नावही तेच! उलट वाटाण्याचे जुने नाव 'पीझ' एकवचनी होते. त्यातला 'झ' अनेकवचनाचा समजून लोकांनी 'पी' हे नवे एकवचन घडवले.

'बॅक्टेरिया', 'क्रायटेरिया', 'फिनॉमिना' हे शब्द मात्र प्रमाण लेखनात अजून अनेकवचनीच आहेत. एक 'बॅक्टेरियम' वेगळा दाखवावा लागतो, म्हणून त्याचे एकवचन टिकले. मराठीत 'एक जिवाणू, अनेक जिवाणू' असे रूप बदलत नाही. त्यामुळे आपली मुले इथे अडखळतात.

तेव्हा 'धिस बॅक्टेरिया' अवश्य सुधारावे. 'डेटा'ची दोन्ही रूपे आज मान्य आहेत: संशोधनपर लेखनात 'आर' बरेचदा आढळते, संगणकाच्या क्षेत्रात बहुधा 'इज'. एका लेखात एकच रूप पाळावे, इतकेच.

त्या मुलीच्या नोंदींत भरती व ओहोटी यांमधील सुमारे सव्वासहा तासांचे अंतर स्वच्छ दिसत होते. निरीक्षण असे चोख असताना कापलेला तो गुण तिला परत मिळायला हवा, असे आम्हाला वाटते.