झुरिकमध्ये पोटाचा हिशेब

झुरिकमध्ये खिशाला चटका बसतो तो रात्रीच्या जेवणाचा. साध्या रेस्टॉरंटमधली एक डिश सहज २५-३० फ्रँकला पडते, आणि एक फ्रँक म्हणजे ढोबळमानाने शंभर रुपये! म्हणून बाहेर जेवायचंच तर दुपारी. तेव्हा बऱ्याच ठिकाणी ‘आजचं ताट’ त्यामानाने स्वस्त मिळतं. रात्री मिग्रो किंवा कोप या सुपरमार्केटांतून ब्रेड, चीज, सॅलड आणावं. मिग्रोचा हिरव्या वेष्टनातला ‘एम-बजेट’ माल आणखी परवडतो. फक्त खरेदी शनिवारीच उरका. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली तेवढी उघडी.

पाण्यावर मात्र पैसे घालवणं शुद्ध वेडेपणा. शहरात बाराशेच्या वर कारंजी आहेत आणि जवळजवळ सगळ्यांचं पाणी पिण्याजोगं. बाटली भरा नि चालू लागा.

शाकाहारी मंडळींना १८९८ पासून चालू असलेलं ‘हिल्टल’ खुणावेल. तिथल्या बुफेत ताट वजनावर घेता येतं, त्यामुळे रसभाजी ओतताना हात आखडता ठेवलेला बरा. पैसे रश्श्याचेही लागतात. टिपेची चिंता नको, सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं.