पैलवान खाशाबा जाधव आणि हलक्या वजनाची कुस्ती

आमच्या जिल्ह्यांत जत्रेचा फड ज्यानें पाहिला नाहीं असा विद्यार्थी विरळा. येरमाळ्याची चैत्री यात्रा असो कीं एखाद्या लहानशा खेड्यांतील म्हसोबाची जत्रा असो, दुपार कलली कीं हलगी वाजूं लागते आणि प्रथम मातींत उतरतात तीं लहान मुलें. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर लागतात. त्या वेळीं मोठी माणसें अजून बाजारांतच असतात. मग हळूहळू बक्षिसाची रक्कम वाढत जाते, पैलवानांचीं अंगें थोराड होत जातात, आणि दिवस मावळतांना जी शेवटची कुस्ती लागते तिच्यासाठीं सारा गांव गोळा होतो. अशा फडांत वाढलेल्या मुलाच्या मनांत एक समजूत सहज घर करते, ती ही कीं, कुस्ती हें धिप्पाड माणसाचें काम आहे. सडपातळ मुलानें हौस म्हणून चार दिवस लंगोट लावावा आणि पुढें तो खुंटीला टांगावा.

ही समजूत कितपत खरी आहे हें पाहावयाचें असेल तर सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या गांवच्या एका पैलवानाची हकीकत वाचली पाहिजे. स्वतंत्र भारताला ऑलिंपिक सामन्यांतील पहिलें वैयक्तिक पदक त्यानें मिळवून दिलें, आणि तें मिळवितांना त्याचा वजनी गट होता अवघा 57 किलोचा.

परंतु त्यापूर्वीं हा वजनी गट म्हणजे काय तें समजून घेऊं. आपल्या फडांत जोड लावतात ती पंचांच्या नजरेनें. दोन गडी समोरासमोर उभे करावयाचे, खांद्याला खांदा लावून पाहावयाचा, आणि जोड तोलाची वाटली तर हात मिळवावयाचे. ऑलिंपिकमध्यें हें काम तराजू करतो. 1952 सालीं मोकळ्या कुस्तीचे आठ गट होते. सर्वांत खालचा 52 किलोचा, त्याच्यावर 57 चा, मग 62 चा, असें करीत शेवटचा 87 किलोंच्या वरचा. या खालच्या तीन गटांस इंग्रजींत मोठीं गमतीचीं नांवें आहेत. पहिला फ्लायवेट, म्हणजे माशीच्या वजनाचा. दुसरा बँटमवेट, बँटम ही ठेंगण्या कोंबड्याची एक जात आहे. आणि तिसरा फेदरवेट, म्हणजे पिसाच्या वजनाचा. कोंबड्यापेक्षां त्याचें पीस जड कसें, असें कोणी विचारील तर त्याचें उत्तर माझ्यापाशीं नाहीं! तात्पर्य इतकेंच कीं, प्रत्येक गटांतील जेता हा पूर्ण जेता असतो. माशीच्या गटाचें सुवर्णपदक व महामल्लाचें सुवर्णपदक यांत तेथें रतीभरहि फरक मानीत नाहींत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 रोजीं झाला. वडील स्वतः मल्ल होते आणि पांच भावांत खाशाबा धाकटे. घरांत आखाड्याची विद्या होती, तेव्हां मुलगा लहानपणींच मातींत उतरला. 1940 पासून 1947 पर्यंत त्यांचें शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत झालें. मधल्या 1942 च्या चळवळींत भूमिगतांना आसरा देणें, निरोप पोंचविणें अशीं कामें या विद्यार्थ्यानें केलीं. पुढें ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत गेले. कोल्हापूर म्हणजे मल्लविद्येचें माहेर. पण तेथेंहि प्रथमदर्शनीं या किरकोळ देहाच्या मुलाची कुणाला फारशी दखल घ्यावीशी वाटली नसेल. उंची बेताची, अंग काटक, आणि चपळाई मात्र विलक्षण. पुढें त्यांस लोक 'पॉकेट डायनॅमो' म्हणूं लागले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याचें डोकें कवेंत धरून त्याला भुईवर आणण्याचा हा डाव बळापेक्षां वेळ साधण्यावर अवलंबून असतो, आणि वेळ साधणें हेंच तर हलक्या अंगाच्या मल्लाचें भांडवल.

1948 सालीं लंडनला ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या छत्रपतींनीं प्रवासखर्चाचा भार उचलला आणि खाशाबा विलायतेला गेले. (त्या जुलै-ऑगस्टांत आपला उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या अंमलाखालीं होता आणि रझाकारांच्या धास्तीनें गांवेंच्या गांवें सीमेपलीकडे आसरा शोधीत होतीं. कुस्तीची बातमी त्या धामधुमींत इकडे कोण वाचणार!) लंडनमध्यें त्यांची खरी गांठ पडली ती गादीशीं. आपली तांबडी माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली असते. ती पायाला धरते, अंगाला पकड देते, आणि कुस्ती चितपट होईपर्यंत चालूं शकते. गादीवर यांतलें कांहींच नाहीं. तेथें पाय सरकतो, हालचाल दुपटीनें जलद होते, घड्याळ चालूं असतें, आणि त्या काळीं चितपट न झाल्यास पंच आपल्या मतांनीं निकाल देत. मातींत संथपणें जोर तोलणाऱ्या मल्लाला हें सारें उपरें वाटणें साहजिक होतें. रीस गार्डनर नांवाच्या अमेरिकन कुस्तीगिराचें मार्गदर्शन त्यांना तेथें लाभलें. एवढ्या तयारीवर ते 52 किलोच्या गटांत सहावे आले. परक्या गादीवर बाविशीच्या तरुणानें जगांत सहावें येणें ही लहान गोष्ट नव्हे; खाशाबांना मात्र तिचें समाधान झालें नाहीं. परत आल्यावर त्यांनीं तालीम वाढविली आणि वजनहि एक गट वर नेलें.

1952 च्या हेलसिंकीच्या सामन्यांसाठीं निवड व्हावयाची होती, तेव्हां त्यांना डावलण्यांत आलें असें त्यांस वाटलें. त्यांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, बंगालच्या निरंजन दास यांच्याशीं पुन्हा कुस्ती लावण्यांत आली, आणि ती जिंकून खाशाबांनीं आपली जागा मिळविली. जागा मिळाली, पण पैसा कोठें होता? गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली. ती पुरेना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर सात हजार रुपयांस गहाण ठेवलें. हें वाक्य वाचकांनीं पुन्हा एकदां वाचावें अशी माझी विनंती आहे. त्या काळच्या शिक्षकाला सात हजार रुपये म्हणजे काय होतें, हें आपल्या घरांतील वडील मंडळींस विचारलें म्हणजे समजेल.

हेलसिंकीच्या सामन्यांची पद्धत ध्यानांत घेतल्याशिवाय पुढील गोष्ट नीट कळणार नाहीं. एकदां हरला कीं बाद, असा तेथें नियम नव्हता. हरणाऱ्याला दंडाचे गुण मिळत. चितपट करून जिंकणाऱ्याला एकहि दंड नसे, पण नुसत्या पंचांच्या मतानें जिंकलेल्याच्या नांवावरहि एक गुण चढे. असे पांच गुण सांचले कीं मल्ल बाहेर. म्हणजे जिंकतां जिंकतांहि मनुष्य हळूहळू कर्जांत जाई, आणि त्यांतून वांचण्याचा खरा उपाय चितपट हाच होता. आपल्या मातींतल्या मल्लाला हें एक अंग मात्र सोयीचें होतें, कारण चितपट हाच तर त्याचा धर्म.

खाशाबांनीं प्रथम कॅनडाच्या पॉलिकिनला चीत केलें. नंतर मेक्सिकोच्या बासुर्तोला चीत केलें. जर्मनीच्या श्मिट्झवर पंचांच्या मतांनीं मात केली. मग गांठ पडली जपानच्या शोहाची इशीशीं. ही कुस्ती दीर्घ व जीवघेणी झाली आणि निकाल इशीच्या बाजूनें गेला. दोन कुस्त्यांच्या मध्यें मल्लाला अर्धा तास विसांवा मिळावा असा दंडक होता. परंतु खाशाबांना जवळजवळ लगेच रशियाच्या रशीद मामेदबेकोव्हसमोर उभें राहण्यास सांगण्यांत आलें. त्यांच्यातर्फे नियमावर बोट ठेवण्यास त्या वेळीं तेथें एकहि भारतीय अधिकारी हजर नव्हता. दमलेला मल्ल उतरला आणि हरला. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य, असा 23 जुलै 1952 चा निकाल लागला. विसांवा मिळता तर पदकाचा रंग बदलता काय, हें कोणी सांगूं शकत नाहीं. पण आपला माणूस परमुलखांत झुंजत असतां त्याच्या पाठीशीं उभें राहावयास एक माणूस असूं नये, ही गोष्ट मनाला लागते खरी.

येथें आणखी एका मल्लाचें नांव घेतलें पाहिजे, कारण तें फार थोड्यांस ठाऊक असतें. त्याच हेलसिंकींत 62 किलोच्या, म्हणजे मघांच्या त्या 'पिसाच्या' गटांत, केशव माणगावे हे मराठी मल्ल लढले आणि चौथे आले. त्या गटांत तुर्कस्तानच्या बायराम शितला सुवर्ण, इराणच्या गिवेहचीला रौप्य आणि अमेरिकेच्या हेन्सनला कांस्य मिळालें. जगांत चौथा! एका पायरीचें अंतर. तिसऱ्याचें नांव आपण पाठ करतों आणि चौथ्याचें विसरतों, यांत दोष चौथ्याचा नसतो.

खाशाबा परत आले तेव्हां कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवीं पाव तासाची ती वाट, पण मिरवणुकीला सात तास लागले असें सांगतात. मिरवणूक संपतांच त्यांनीं काय केलें? कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले, आणि त्या उत्पन्नांतून प्राचार्यांचें घर सोडवून दिलें. त्यांच्या साऱ्या चरित्रांत मला हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. 1955 सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळें 1956 चें मेलबर्न त्यांना अंतरलें. 1982 च्या दिल्लीच्या आशियाई सामन्यांच्या वेळीं ज्योत घेऊन धावणाऱ्यांत त्यांस स्थान मिळालें. 1983 सालीं ते सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. आणि 14 ऑगस्ट 1984 रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनीं. 2010 सालीं दिल्लींतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचें नांव देण्यांत आलें. हयातींत मात्र पद्म पुरस्कार त्यांच्या वांट्याला आला नाहीं.

भारताला दुसरें वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास 1996 साल उजाडावें लागलें. तें लिअँडर पेसनें टेनिसमध्यें मिळविलें. कुस्तींतलें दुसरें पदक सुशीलकुमारनें 2008 सालीं, म्हणजे तब्बल 56 वर्षांनीं आणलें. महाराष्ट्राच्या वांट्याला दुसरें वैयक्तिक पदक 2024 सालीं पॅरिसला आलें, तें कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्निल कुसाळेनें नेमबाजींत मिळविलेलें.

आपल्या जिल्ह्यापुरतें पाहूं गेल्यास 2023 च्या नोव्हेंबरांत धाराशिव शहरीं महाराष्ट्र केसरीचे सामने झाले. हर्षवर्धन सदगीरला हरवून शिवराज राक्षेनें गदा उचलली तेव्हां केवढी गर्दी लोटली होती! किताबाची ती लढत अर्थातच वजनदार मल्लांची. पण हेंहि ध्यानांत असूं द्यावें कीं, टोकियोला रवि दहियानें जें रौप्यपदक मिळविलें आणि पॅरिसला अमन सेहरावतनें जें कांस्यपदक मिळविलें, तीं दोन्ही 57 किलोच्या गटांतलीं आहेत. आकडा तोच, जो हेलसिंकीच्या तराजूनें खाशाबांच्या वेळीं दाखविला होता. आणि आपल्या वरच्या वर्गांतील मुलांस तराजूवर उभें केलें तर तो आकडा कितीकांच्या नांवापुढें निघेल.