अक्षरे बिघडतात, दोष पट्ट्याचा

शाळेच्या स्नेहसंमेलनातील चषक, दारावरची पितळी पाटी, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला दिलेले स्मृतिचिन्ह. त्यांवर नाव कोरण्याचे काम आता बऱ्याच ठिकाणी संगणकाच्या आणि लेसरच्या साहाय्याने होते. तरीही हाताने चालवायची पॅन्टोग्राफ यंत्रे काही छोट्या दुकानांत अजून तग धरून आहेत. या यंत्रावर एक अक्षर बिघडले, तरी बहुधा संपूर्ण पाटी वाया जाते आणि तिची भरपाई कारागिराच्या खिशातून होते. अशा वेळी आधी कटर बदलला जातो, मग मोटर दुरुस्तीला जाते. मूळ दोष मात्र अनेकदा यंत्रातील सर्वांत स्वस्त भागात, म्हणजे पट्ट्यात असतो.

यंत्राची रचना

पॅन्टोग्राफची कल्पना जर्मन जेझुइट धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ शायनर यांना १६०३च्या सुमारास सुचली. सांध्यांनी जोडलेल्या दांड्यांच्या एका टोकाने मूळ अक्षर गिरवले, की दुसरे टोक तेच अक्षर लहान किंवा मोठ्या आकारात उमटवते. कोरीवकामाच्या यंत्रात या दुसऱ्या टोकाशी फिरता स्पिंडल असतो व त्यात कटर बसवतात. मोटर स्वतंत्र असते. तिची गती स्पिंडलपर्यंत नेण्याचे काम बहुतेक यंत्रांत गोल छेदाचा लवचीक पट्टा करतो. घरच्या भांड्यांवर नाव घालण्याचे हातातले विजेचे यंत्र कंप पावणाऱ्या टोकाने ठिपके उमटवते. त्यात असा पट्टा नसतो.

समजा, मोटर मिनिटाला २८०० फेरे घेते, तिची पुली ६० मिलिमीटर व स्पिंडलची २० मिलिमीटर व्यासाची आहे. मग स्पिंडलचे ८४०० फेरे व्हायला हवेत. पट्टा १५ टक्के घसरला, तर ते ७१४०वर येतात. कारागिराचा हात मात्र त्याच वेगाने सरकत असतो. साहजिकच कटरच्या प्रत्येक फेऱ्याला अधिक धातू कापावा लागतो, अक्षराची कड फाटते आणि पितळेवर बारीक कंगोरा उरतो.

दोष कसा ओळखावा?

पहिली खूण आवाजाची. कटर धातूत शिरताच मोटरचा आवाज तसाच राहून स्पिंडल मंदावला, तर पट्टा घसरत आहे. मोटरचाच आवाज खाली उतरला, तर कटर बोथट आहे किंवा खोली जास्त धरली आहे, असे समजावे. दुसरी खूण पुलीभोवती साचलेल्या काळ्या भुकटीची. तिसरी, ठरावीक अंतराने ऐकू येणाऱ्या 'टक टक' आवाजाची. पट्ट्याचा सांधा पुलीवरून जाताना हा धक्का बसतो आणि सरळ रेषेत लहरी उमटतात.

आणखी एक सोपी कसोटी आहे. हिऱ्याचे टोक न फिरता केवळ ओरखडा काढते. मोटर बंद ठेवून त्या टोकानेही अक्षर वाकडेच येत असेल, तर दोष पट्ट्याचा नाही. दांड्यांचे सांधे सैल झाले असावेत. प्लग काढून पट्टा उतरवावा व स्पिंडल बोटांनी फिरवून पाहावा. तो खरखरला, तर बेअरिंग तपासावे.

बदलताना घ्यावयाची काळजी

पट्टा चकचकीत, कडक किंवा भेगाळलेला असेल, तर तो बदलणेच योग्य. राळ किंवा चिकट द्रव्य लावून वेळ मारून नेली, तर त्यावर धातूचा कीस चिकटतो आणि पुलीची खाच झिजते. नवा पट्टा चढवण्यापूर्वी खाचेतील तेल स्पिरिटने पुसावे. दोन्ही पुली एका रेषेत आहेत ना, हेही पाहावे.

पॉलियुरेथेनचा पट्टा लांबीने कापून, गरम पात्याने दोन्ही टोके वितळवून जोडता येतो. पुलींभोवतीच्या मार्गाची लांबी दोऱ्याने मोजावी आणि पट्टा साधारण सहा ते दहा टक्के कमी कापावा. मार्ग ८०० मिलिमीटरचा असेल, तर सुमारे ७४० मिलिमीटर पुरे. सांधा पूर्ण थंड झाल्यावरच वर आलेला फुगवटा कापून सपाट करावा. वितळताना निघणारा धूर अपायकारक असल्याने हे काम खिडकीजवळ करावे.

घसरतो म्हणून पट्टा अतिशय ताणणे ही सर्वाधिक महागात पडणारी चूक होय. तो ताण थेट स्पिंडलच्या बेअरिंगवर येतो आणि किरकोळ दुरुस्तीचे मोठे काम होऊन बसते. कटरच्या भाराखाली घसरणार नाही, एवढाच ताण असावा.

किनारपट्टीच्या दमट हवेत काही प्रकारचे पॉलियुरेथेन ओलाव्याने विघटित होऊन चिकट बनते. जुन्या टेपरेकॉर्डरमधील पट्ट्यांचा डांबरासारखा झालेला चिकटा अनेकांनी पाहिला असेल. यंत्र काही आठवडे बंद राहणार असेल, तर पट्टा उतरवून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावा. एक जादा पट्टाही तयार असू द्यावा. बक्षीस समारंभाच्या आदल्या संध्याकाळी तो शोधण्याची वेळ येऊ नये.