जगाची बाजारपेठ आणि येरमाळ्याचे सोयाबीन

धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील येरमाळा हे गाव येडेश्वरी देवीच्या यात्रेमुळे सर्वदूर परिचित आहे. या परिसरात खरिपात सोयाबीनचे पीक मोठ्या प्रमाणावर घेण्यात येते. मळणी आटोपताच पोती बार्शी वा लातूरच्या बाजारपेठेकडे रवाना होतात. परंतु मालाचा भाव केवळ तेथील आवकेवर ठरत नाही, ही गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून येतो. 2022 साली युक्रेनमधील युद्धाने सूर्यफूल तेलाचा पुरवठा विस्कळीत झाला. त्यातच एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबविली व तेलाचे भाव भडकले. पुढे केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोया व सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये 20 टक्के केले आणि मे 2025 अखेर ते 10 टक्क्यांवर आणले. अशा घडामोडींचा परिणाम आडतीवरील सौद्यापर्यंत पोहोचतो.

या घडामोडी शेतकऱ्याच्या हाती नाहीत. मालाची प्रत व विक्रीची वेळ मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हाती आहे. हमीभावाच्या खरेदीस ओलाव्याची मर्यादा सर्वसाधारणपणे 12 टक्के असते. 2024 च्या हंगामात ती 15 टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली होती. तथापि अशा सवलतीवर दरवर्षी विसंबणे इष्ट नव्हे. 16 टक्के ओलाव्याचे 20 क्विंटल सोयाबीन 12 टक्क्यांपर्यंत वाळविल्यास वजनात सुमारे 91 किलो घट येते. ही घट जमेस धरूनच ओल्या व वाळलेल्या मालाच्या भावांची तुलना करावी.

रोख रकमेच्या निकडीमुळे सुगीतच माल विकावा लागतो, हीच खरी अडचण होय. त्यावर पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना उपयुक्त आहे. सहभागी बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवल्यास किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजाने 6 महिन्यांसाठी मिळते. उदाहरणार्थ, 40,000 रुपयांच्या 10 क्विंटल मालावर 30,000 रुपये मिळतील व सहा महिन्यांचे व्याज 900 रुपये, म्हणजे क्विंटलमागे 90 रुपये होईल. भाव याहून अधिक वाढला तरच थांबणे किफायतशीर ठरेल. शिवाय नोंदणीकृत गोदामांतून इलेक्ट्रॉनिक गोदाम पावतीही मिळू लागली असून तिच्या तारणावर बँका कर्ज देतात.

साठवण म्हणजे भाववाढीची हमी नव्हे. म्हणून सर्व माल एकदम विकू नये, तसाच सर्व माल अडवूनही ठेवू नये. निकडीपुरता भाग विकून उरलेला वाळवून, चाळणी करून गोदामात ठेवणे आणि भाव पाहून टप्प्याटप्प्याने विकणे, हाच सुज्ञपणाचा मार्ग होय.