एकच स्विच, वेगळी नेटवर्क

हिशेब विभागाचे संगणक आणि पाहुण्यांचं वायफाय एकाच स्विचवर असलं, तरी व्हीलॅनमुळे ती स्वतंत्र नेटवर्क होतात. संगणकाचा पोर्ट ‘ॲक्सेस’ ठेवतात. तो एकाच व्हीलॅनचा. दोन स्विच जोडणारा पोर्ट मात्र ‘ट्रंक’ हवा, कारण त्यातून सगळ्यांचीच वाहतूक जाते. कुठली फ्रेम कुणाची हे कळावं म्हणून ८०२.१क्यू मानकानुसार तिला ४ बाइटांचा टॅग लागतो. त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकाचे, म्हणून १ ते ४०९४ एवढेच क्रमांक वापरता येतात (छोट्या ऑफिसला दहाही पुष्कळ). खरी गफलत नेटिव्ह व्हीलॅनमध्ये होते. त्याच्या फ्रेमना ट्रंकवर सहसा टॅग नसतो. दोन्ही टोकांना तो क्रमांक वेगळा ठेवला, तर एका विभागाची वाहतूक दुसऱ्यात शिरते. ट्रंक जोडताना हे आधी तपासा, आणि वापरात नसलेले पोर्ट बंदच ठेवा.