गुरामीला हवा वरचीच

झाडांच्या टाकीत शांत सोबत हवी असेल तर हनी गुरामी निवडा. जेमतेम 5 सेंटिमीटरचा हा मासा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. निसर्गशास्त्रज्ञ हॅमिल्टनने 1822 मध्ये त्याचं वर्णन केलं. कल्ल्यांच्या वरच्या खास अवयवामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवाही घेतो. म्हणून टाकी काठोकाठ भरू नका, झाकण ठेवा, फिल्टरचा प्रवाह मंद असू द्या. विणीच्या काळात नर तरंगत्या पानांखाली बुडबुड्यांचं घरटं बांधतो, निसटलेली अंडी तोंडाने उचलून पुन्हा त्यात ठेवतो. हे जरूर पाहा! पाणी 24 ते 28 अंश हवं. नवा रायपूरसारख्या ठिकाणी हिवाळी रात्रींत हीटर लागतोच. हनी गुरामीऐवजी त्याचाच भाऊबंद ड्वार्फ गुरामी घेतलात, तर त्याचे दोन नर मात्र लहान टाकीत एकत्र सोडू नका, ते भांडतात.