३५ कोटी मेल, २८ गिऱ्हाइकं

मे १९७८. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थुर्क यांना नवे संगणक लोकांना दाखवायचे होते, लॉस एंजेलिस आणि सॅन मटेओ इथे. अर्पानेट या सरकारी संगणक-जाळ्यावर कोण कोण आहे, याची छापील डिरेक्टरी हाताशी होती. तिच्यातले पश्चिम किनाऱ्यावरचे शेकडो पत्ते एकेक करून टाइप झाले. मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला एवढ्या पत्त्यांची सवयच नव्हती. पत्त्यांची जागा भरली आणि उरलेले पत्ते ओघळून थेट मजकुरात येऊन पडले! तक्रारींचा पाऊस पडला, जाळं सांभाळणाऱ्या लष्करी खात्यानं कानउघाडणी केली. थुर्क मात्र पुढे सांगत राहिले, की त्या एका मेलनं एक कोटीहून अधिक डॉलरची विक्री करून दिली.

न मागता पाठवलेली जाहिरात हा धंद्याचा रास्त मार्ग आहे का, हा वाद असा पहिल्याच मेलपासूनचा आहे. माल खरा, कंपनी नावाजलेली, गिऱ्हाइकंही मिळाली. मग लोक चिडले कशाला?

उत्तर मला सापडतं ते तीस वर्षांनंतरच्या एका विलक्षण प्रयोगात. २००८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली आणि सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी ‘स्टॉर्म’ नावाच्या बॉटनेटमध्ये, म्हणजे मालकांच्या नकळत ताब्यात घेतलेल्या संगणकांच्या फौजेत, शिरकाव केला. औषधांच्या जाहिरातींमधली लिंक त्यांनी बदलून स्वतःच उभारलेल्या नकली दुकानाकडे वळवली. पैसे कुणाचेच घेतले नाहीत. खरेदीच्या शेवटच्या पायरीवर एरर दाखवून ते लोकांना परत पाठवत. २६ दिवसांत जवळजवळ ३५ कोटी मेल सुटले. त्यातले जेमतेम सव्वाआठ कोटी समोरच्या सर्व्हरनं स्वीकारले. दुकानापर्यंत आले सुमारे साडेदहा हजार. आणि खरेदीला तयार झालेले? २८!

सव्वा कोटी मेलमागे एक गिऱ्हाईक. एवढ्यावर दुसरा कुठला धंदा तग धरेल? पेपरात घालून हँडबिलं वाटणाऱ्या दुकानदाराला छपाईचा आणि वाटणाऱ्या पोराचा खर्च येतो, म्हणून तो आपल्याच पेठेत वाटतो. मेलला हा लगाम नाही. पाठवणाऱ्याला आणखी एक मेल जवळपास फुकट पडतो. सर्व्हर, फिल्टर, साठवणुकीची जागा आणि वाचणाऱ्याचा वेळ, हा सारा भुर्दंड इतरांवर. २८ जणांपर्यंत पोचण्यासाठी कोट्यवधींना खर्चात पाडणारी ही रीत माझ्या मते रास्त नाही, मग माल कितीही चोख असो. आधी संमती घेतली, तर तोच मेल उत्तम विक्रेता ठरतो.

कायद्यांचं मात्र यावर एकमत नाही. अमेरिकेचा २००३ चा कायदा म्हणतो, खोटी ओळख देऊ नका, ‘नको’ म्हणायची सोय ठेवा आणि खुशाल पाठवा. युरोपनं त्याच्या आदल्याच वर्षी उलटा नियम केला होता: व्यक्तीला जाहिरात पाठवायची तर एरवी आधी विचारायचं, आपल्या जुन्या गिऱ्हाइकापुरती थोडी सूट. कॅनडानं २०१४ पासून संमतीचीच वाट धरली. आपल्याकडे नको असलेले जाहिरातींचे फोन आणि एसएमएस रोखायला ‘ट्राय’चं डीएनडी आहे, ईमेल त्याच्या कक्षेत येत नाही. तो यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.